कूलरच्या ताटीवरून पकडलेला पोरगा

मे महिन्यातली गोष्ट. फॉरेन्सिक सायकॉलॉजीच्या अभ्यासासाठी नागपुरातल्या एका ठाण्याच्या डीबी (डिटेक्शन ब्रँच, म्हणजे गुन्हे शोधणाऱ्या) पथकासोबत बसायची परवानगी मिळाली होती. समोर रात्रीच्या चोऱ्यांच्या फायली होत्या. सगळ्या चोऱ्या घरात माणसं झोपलेली असताना झालेल्या.

पंचनाम्यात एक ओळ सारखी यायची: मागच्या खिडकीतला कूलर चाकाच्या स्टँडसकट बाजूला सरकवला, पण बंद केला नाही. बंद केला असता तर उकाड्याने घर जागं झालं असतं. शिवाय आत शिरतानाचा आवाज कूलरच्या घरघरीत मुरत होता. मी टिपण दिलं: घर आधी दिवसा बघून ठेवणारा, घाई न करणारा, कूलर हाताळायची सवय असलेला.

दुपारी साहेबांनी कूलरच्या ताट्या, म्हणजे पाण्याने भिजणारे गवती पडदे, बदलणारं एक पोरगं आणून बसवलं. ‘‘मॅडम, तुमचं वर्णन तंतोतंत!’’

तेवढ्यात जुने हवालदार पुटपुटले, ‘‘ताट्या तर मी बी घरी बदलतो नं साहेब. अख्ख्या नागपूरले येते ते.’’

माझ्या पुस्तकी ज्ञानापेक्षा हे भारी होतं. मग मी लंडनचं प्रकरण सांगितलं. 1992 मध्ये विम्बल्डन कॉमनवर रेचेल निकेलचा खून झाला. प्रोफाइलशी, म्हणजे मानसशास्त्रज्ञाने बांधलेल्या गुन्हेगाराच्या वर्णनाशी, जुळतो म्हणून पोलिसांनी एका माणसामागे ओळख लपवलेली महिला पोलीस लावली. तो वर्षभर कोठडीत राहिला. 1994 मध्ये न्यायालयाने तिने मिळवलेला पुरावा फेटाळला आणि 2008 मध्ये रॉबर्ट नॅपर या दुसऱ्याच माणसाने गुन्हा कबूल केला. उलट 1986 मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर यांच्या टिपणामुळे बलात्कार आणि खुनांच्या तपासात जॉन डफी हे संशयितांच्या यादीत आधीच असलेलं नाव वर आलं. तपास पुढे पुराव्यावरच झाला. साहेब ऐकत होते, पण खूश नव्हते.

कूलरच्या पत्र्यावर चान्स प्रिंट, म्हणजे घटनास्थळी नकळत उमटलेला बोटाचा ठसा, मिळाली होती. संध्याकाळी कळलं, पोराच्या बोटांशी जुळत नाही. त्याला सोडलं. ऐन सीझनमधली दिवसभराची मजुरी बुडाली, ती कोण देणार?

नंतर हवालदारांनी एमओबीचं, म्हणजे गुन्हा करायच्या पद्धतीनुसार गुन्हेगारांची नोंद ठेवणाऱ्या विभागाचं, रेकॉर्ड काढलं आणि आम्ही यादी नव्याने लावली. टॉमीने (लोखंडी पहारीने) बंद घराचं कुलूप तोडणारे खाली, माणसं झोपलेल्या घरात शिरणारे वर. वरच्या नावांचे ठसे आधी तपासायला पाठवायचे ठरले.