फोटो का नाही टाकला

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. इथे इंदूरमध्ये तिलक नगरात भाजी घेताना विचारता, लग्नाच्या पंगतीत विचारता, राजवाड्यावर गाठ पडली तरी विचारता: "मैत्रिणीसाठी एवढे पैसे गोळा केलेत, मग हॉस्पिटलमधला तिचा एकही फोटो का नाही टाकलात?" काहींचा प्रश्न तिथे थांबत नाही. "खरंच एवढं सीरियस होतं ना?"

होतं. आजाराचं नाव अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. शरीरानेच तयार केलेली प्रतिपिंडं मेंदूच्या पेशींवर उलटतात. डॉ. जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये हा आजार ओळखला. त्याआधी अशा कितीतरी बायकांना वेड लागलं असं ठरवलं गेलं असेल. आमच्याकडेही आधी तेच झालं. झोप उडाली, संशय सुरू झाला, मग असंबद्ध बोलणं. मनोविकारतज्ज्ञ झाले, "बाहेरचं काही असेल" म्हणणारेही भेटले. फिट आल्यावर पाठीतलं पाणी तपासायला पाठवलं, तेव्हा कुठे नाव कळलं.

आधी दिलेलं औषध म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन. त्याचा हिशेब मला अजून तोंडपाठ आहे. किलोमागे 2 ग्रॅम, तिचं वजन 55 किलो, म्हणजे 110 ग्रॅम. 5 ग्रॅमच्या 22 बाटल्या, पाच दिवसांत. हे औषध हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढतात, म्हणून महाग. ते पुरलं नाही तर पुढे रिटुक्सिमॅब नावाचं दुसरं औषध, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

पैसे जमवून देणाऱ्या एका संस्थेच्या मुलाने फोनवर सरळ सांगितलं, "मॅडम, तीस सेकंदांचा व्हिडिओ पाहिजे. चेहरा दिसला पाहिजे. त्याशिवाय लोक देत नाहीत." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, त्याचा तो रोजचा अनुभव असणार.

मी मोबाईल घेऊन आयसीयूत गेले. तिचं तोंड सतत हलत होतं, काहीतरी चावत असल्यासारखं. ओठ वाकडे होत, जीभ बाहेर येई. ओढाताणीत नळ्या निघू नयेत म्हणून हात पलंगाच्या कठड्याला बांधलेले होते. भावजी, म्हणजे तिचा नवरा, म्हणाले, "काढ. मी बाहेर थांबतो." मी मोबाईल वर केला. तेवढ्यात तिची आई, काकू, पुढे आल्या, म्हणाल्या, "थांब गं, फोटो काढतेयस ना, केस तरी नीट करू दे." पदराने लेकीच्या तोंडाच्या कोपऱ्यातली लाळ पुसली, कपाळावरचे केस मागे सारले, वेणी खांद्यावरून पुढे घेतली. मुलगी शाळेच्या स्नेहसंमेलनाला निघाली असावी तशी. मुलीचं तोंड हलतच होतं.

मी मोबाईल पर्समध्ये टाकला.

त्याऐवजी बिलं, डॉक्टरांचं पत्र आणि औषधाच्या बाटल्यांचा फोटो पाठवला. पैसे आले. इंदूरच्या मराठी लोकांनी दिले, ज्यांना मी कधी पाहिलंही नाही अशांनीही दिले. पण हळूहळू आले. रिटुक्सिमॅबची वेळ आली तेव्हा रक्कम पूर्ण नव्हती. ती जमेपर्यंत भावजींच्या डोळ्याला डोळा नव्हता. एकदा जिन्यात ते मला म्हणाले, "तत्त्व तुझं, दिवस तिचे."

याला उत्तर नाही माझ्याकडे. 2013 मध्ये 577 रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन वर्षांनंतर ज्यांची माहिती मिळाली त्यांतले 81 टक्के बऱ्यापैकी सावरले होते, आणि उपचार लवकर सुरू होणं हे त्याचं एक मोठं कारण होतं. हे मी तेव्हाही वाचलं होतं. वाचूनही व्हिडिओ काढला नाही. तेव्हाच्या मला मी रात्री-बेरात्री विचारते: तू तिचं नाक वाचवत होतीस की जीव? ती तेव्हाची मी दर वेळी एकच सांगते: या आजारात ते दिवस रुग्णाला बहुधा आठवत नाहीत. उद्या मैत्रीण बरी होईल आणि स्वतःचं ते रूप तिला कुण्या अनोळखी माणसाच्या मोबाईलमध्ये पहिल्यांदा दिसेल. बोलता येत नसलेल्या बाईला विचारायचं तरी कसं? मला हे आजही पटतं. जिन्यातले भावजी आठवले की पटत नाही.

ती आता घरी आहे. बोलताना मध्येच शब्द सापडत नाही, हिशेबात अडते, पण स्वयंपाक करते, मुलाचा अभ्यास घेते. ते दिवस तिला खरंच आठवत नाहीत. मागे एकदा तिनेच विचारलं, "तेव्हाचा माझा एखादा फोटो आहे का गं तुझ्याकडे? मला बघायचंय." नाही म्हटल्यावर ती नाराज झाली. "मला विचारायचंस तरी," म्हणाली, आणि मग तिलाच कळलं की विचारणार कसं.

ज्यांना पुरावा हवा आहे त्यांच्यासाठी: सगळी बिलं, पावत्या आणि कोणाचे किती आले त्याची वही माझ्या घरी आहे. रविवारी सकाळी या, एकेक पान दाखवीन. फोटो मात्र मागू नका.