आधी हवा भरू द्या

मोटारीने सहलीला निघायचं तर उशीर माणसांमुळे होतो. जुन्या बसची बाकं काढून, तिथे पलंग आणि शेगडी बसवून निघालं, की माणसं आवरून जागेवर बसलेली असतात आणि उशीर हवेमुळे होतो. एअर ब्रेकच्या बसला हवेच्या टाक्या असतात आणि रात्रभरात त्या कुठल्या ना कुठल्या जोडातून थोड्या रिकाम्या होतात. बहुतेक बसमध्ये पार्किंग ब्रेक स्प्रिंगच्या जोराने लागलेला असतो. तो सुटायला हवा लागते. म्हणजे हवा गेली की ब्रेक सुटत नाहीत, बस जागच्या जागी जखडते. इंजिन चालू करून हवेच्या दाबाचा काटा ७-८ बारपर्यंत चढू द्यायचा, आणि तो ४-५ बारच्या वर सरकेपर्यंत डॅशबोर्डवरचा बझर ऐकत बसायचं.

कॉम्प्रेसर ठणठणीत असेल तर हे चार-पाच मिनिटांचं काम. पाव तास लागत असेल तर गळती शोधावी लागते. दाब पूर्ण भरायचा, इंजिन बंद करायचं, सगळ्यांना गप्प बसवायचं आणि बसखाली कान लावायचा. फुसफुस ऐकू आली की संशयित जोडांवर ब्रशने साबणाचं पाणी फासायचं. बुडबुडे येतील तिथे हवा सुटतेय. सगळ्यांना गप्प बसवणं हीच यातली अवघड पायरी, कारण नेमकं तेव्हाच मागच्या पलंगावरून कुणीतरी विचारतं, "बाबा, निघालो का आपण?"

मुक्कामाला पोचल्यावर टाक्यांखालच्या कड्या ओढून पाणी काढायचं. दाबलेल्या हवेतली वाफ टाकीत थंड होऊन पाणी होते. ते साठलं की हवेला जागा कमी उरते आणि कडाक्याच्या थंडीत व्हॉल्व्ह गोठतात. निव्वळ पाणी आलं तर ठीक. राखाडी, तेलकट रबडी आली तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय, आणि ते तेल पुढे व्हॉल्व्हमधल्या रबराची वाट लावणार.

दुसरी सकाळची अडचण डिझेलची. आदल्या संध्याकाळी बिनतक्रार चाललेली बस. सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. अशा वेळी बहुधा पाइपात एअर आलेली असते. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढून घेतलं जातं, त्यामुळे त्या भागात बारीक भेग असली तर डिझेल गळत नाही, हवा आत शिरते. जमिनीवर थेंब दिसत नाही आणि माणूस उगाच बॅटरीला शिव्या देत बसतो. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू दीड-दोन फेरे सैल करायचा, खाली फडकं धरायचं आणि फीड पंपावरचा छोटा हँडपंप मारत राहायचं. आधी पांढरट फेस येतो, मग फटफट करत बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. पंप थांबवून मग आवळला तर घोटभर हवा पुन्हा आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. त्यानंतर इंजिनात डिझेल मारणाऱ्या इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूचीही तीच गत करायची. सेल्फ एका दमात पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये मिनिटभर तरी त्याला निवू द्यावं. एवढं करूनही दोन दिवसांनी एअर आलीच, तर जोडातले तांब्याचे वॉशर बदलायचे. एकदा चेपलेला वॉशर पुन्हा नीट बसत नाही, आणि काटकसरी लोक नेमका तोच उलटा करून लावतात.

टाकी पाव भरलेली असतानाच पुन्हा भरायची. जुन्या टाकीच्या तळाला गंज आणि गाळ असतो. डिझेल कमी झालं आणि रस्ता खडबडीत लागला की तो ढवळून निघतो आणि फिल्टर चोंदतो. दोन फिल्टर जवळ असावेत. एक नव्हे, दोन, कारण त्याच टाकीतला उरलेला गाळ पुढच्या दिवशीही येणारच असतो.

घर मांडताना सगळे लाकडाचा रंग आणि पडद्यांचं कापड यावर भांडतात, वजनावर कुणी बोलत नाही. पाण्याची टाकी मागे, चाकांच्याही पलीकडे टाकली की आत जागा छान मोकळी होते. पण हिशोब करून बघा. चाकांच्या आसांमधलं अंतर ५ मीटर आणि २०० लिटरची टाकी मागच्या आसाच्या २ मीटर मागे. २०० किलो पाणी पुढचा आस ८० किलोनं हलका करतं आणि मागच्या आसावर २८० किलो टाकतं. त्यात मागे सायकली टांगल्या, गॅसची टाकी ठेवली, की ओल्या रस्त्यावर वळताना पुढची चाकं जमीन नीट धरत नाहीत. दोष मग स्टीअरिंगला मिळतो. जड वस्तू दोन्ही आसांच्या मधे, शक्य तितक्या खाली, आणि डावी-उजवी बाजू तोलून. टाकीत पाणी अडवणारे आडवे पत्रे हवेत, नाहीतर अर्ध्या भरलेल्या टाकीतलं पाणी प्रत्येक ब्रेकला पुढे धडका मारतं.

माणसांच्या वजनाचंही तेच. आडव्या सोफ्यावर पाय पसरून प्रवास ही कल्पना चित्रात झकास दिसते. प्रत्यक्षात जितक्या माणसांना पुढे तोंड करून, चॅसिसशी बोल्टने पक्क्या केलेल्या सीटवर पट्टा लावून बसता येतं, तितकीच माणसं चालत्या बसमध्ये असावीत. चाकं फिरत असताना शेगडी बंद, आणि गॅसचा व्हॉल्व्हही टाकीपाशी बंद. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर पसरून बसतो. म्हणून गॅसच्या कप्प्याला तळाशी भोक लागतं. खिडकी उघडी आहे ना, एवढ्यावर भागत नाही.

चढ. इथे बसची खरी तब्येत कळते. शांतपणे चढायचं असेल तर इंजिन घरघरायला लागायच्या आधीच गिअर उतरवायचा. वरच्या गिअरमध्ये रेटत नेलं की फेरे कमी, फेरे कमी म्हणजे पाण्याचा पंप आणि पंखा दोन्ही मंद, आणि नेमका तेव्हाच डिझेलचा मारा जास्त. एक गिअर खाली, वेग ताशी २५, आणि तापमानाचा काटा आपोआप खाली येतो. तरी चढत राहिला तर आतला हीटर पूर्ण चालू करायचा. उन्हाळ्यात घरच्यांचा निषेध होईल, पण तो एक छोटा जास्तीचा रेडिएटरच आहे. थांबावं लागलं तर इंजिन लगेच बंद न करता काही मिनिटं हळू चालू ठेवायचं. पाणी फिरत राहतं. पंख्याचा पट्टा तुटला असेल किंवा पाणी गळतच असेल, तर मात्र ताबडतोब बंद. आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. साधारण १ बारच्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण उघडलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. रेडिएटरचा वरचा होज हाताने दाबला जाईल इतका गार आणि मऊ होईपर्यंत पत्ते काढावेत.

इंजिन मागे असलेल्या बसची आणखी एक खोड. रेडिएटरही मागे, चाकांनी उडवलेल्या धुळीत. त्यात तेलाची बारीक गळती असेल तर धूळ आणि तेल मिळून जाळीवर वाकळ तयार होते. बाहेरून चकचकीत दिसणारा रेडिएटर आतल्या बाजूने ठार बंद असतो. हवा ज्या दिशेने जाते तिच्या उलट बाजूने, साबण लावून, हलक्या धारेने धुवायचा. प्रेशरचा फवारा जवळून मारला की पातळ पात्या आडव्या होतात आणि तो कायमचा बंद होतो.

उतारावर उलट चिंता. ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची, आणि तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. पाय सतत ब्रेकवर ठेवला की चाकातला ब्रेकचा ड्रम तापून फुगतो, त्याला आतून घासणाऱ्या लायनरपासून लांब सरकतो आणि पेडल असूनही ब्रेक लागत नाही. थोडा जोरात दाबून वेग उतरवायचा, मग पूर्ण सोडायचा. जळका वास आला तर थांबायचं आणि ड्रम आपोआप गार होऊ द्यायचे. पाणी ओतलं तर तडे जातात.

वळणाचं थोडक्यात: पुढचं टोक डावीकडे वळतं तेव्हा मागची शेपटी उजवीकडे झुकते, कधी मीटरभर. पेट्रोल पंपाचे खांब तिथेच उभे असतात. आणि छतावरच्या पेटीसकट उंची मोजून स्टीअरिंगसमोर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवावी.

बस २४ व्होल्टची असेल आणि दिवे, पंप १२ व्होल्टचे, तर दोनांपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढायचा मोह होतो. काढू नये. एक उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, आणि महिन्याभरात दोन्ही जातात. त्यासाठी कन्व्हर्टर बसवावा, किंवा घराची बॅटरी वेगळी ठेवावी.

मागच्या जोडचाकांतलं आतलं चाक बसलं तरी बाहेरच्याच्या जोरावर बस सरळ उभी दिसते. म्हणून दर थांब्यावर दांड्याने ठोकून आवाज ऐकायचा, दोन टायरमध्ये दगड अडकलाय का तेही बघायचं. टायरच्या नक्षीवर जाऊ नये. बाजूला छापलेल्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि साल असतं. नक्षी शाबूत आणि वय बारा, असा टायर भर रस्त्यात फुटतो. चाक काढून लावलं असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे.

एवढं सांभाळायचं तर दिवसाला २०० किलोमीटर भरपूर झाले. सरासरी ताशी ४० धरली तरी पाच तास चालवणं होतं. ४०० चा बेत आखणारे लोक बसशी भांडत पोचतात, आणि त्या भांडणात बसचंच बरोबर असतं.

मुक्काम उतारावर करावा, सकाळी सेल्फ नाही घेतला तर ढकलून सुरू करू, असा सल्ला मिळेल. तो छोट्या गाड्यांसाठी आहे. हवाच नसेल तर स्प्रिंग ब्रेक सुटणार नाहीत आणि ढकलायला गावजेवणाइतकी माणसं आणली तरी चाक हलणार नाही. सपाट जागा बघावी, बाहेर पडायच्या दिशेला तोंड करून लावावी आणि चाकांना ठोकळे द्यावेत. टोचन करायची वेळ आलीच, तर ओढणाऱ्या गाडीतून हवेचा पाइप जोडावा लागतो, नाहीतर मागच्या ब्रेक चेंबरचे बोल्ट फिरवून स्प्रिंग दाबून धरावी लागते. तसं केल्यावर त्या चाकांना पार्किंग ब्रेक उरत नाही, म्हणून ठोकळे आधी. त्या बोल्टला कोणत्या मापाचा पाना बसतो ते निघण्याआधीच बघून तो पाना गाडीत टाकावा.