आमची वाटचाल : डाग, लग आणि बावीस ग्रॅम

दुकानाला पंचवीस वर्षं होऊन गेली, म्हणून मुलीनं लिहायला बसवलं. "बाबा, स्थापना, विस्तार, आजचा व्याप, असं लिहा," म्हणाली. स्थापना एका ओळीत मावते. १९९८ साली सोलापूरच्या साखर पेठेत स्पीकर दुरुस्तीसाठी दहा बाय बाराचा गाळा, एक सोल्डरिंग आयर्न, एक मल्टिमीटर आणि एक भागीदार, जो पहिल्या उन्हाळ्यातच कंटाळून पुण्याला नोकरीला गेला. विस्तार म्हणाल तर शेजारचा गाळाही आता आमचाच आहे. स्पीकरची कॉईल बदलणे, कोन (पुढचा कागदी पडदा) बसवणे, कॅबिनेटचं, म्हणजे पेटीचं, वायरिंग ही कामं तेव्हाही होती, आजही आहेत. मला सांगायचं आहे ते २०११ चं.

त्या वर्षी गणपतीच्या दीड महिना आधी सोळा डबल अठराची, म्हणजे अठरा इंची दोन-दोन स्पीकरच्या पेट्यांची, ऑर्डर आली. बाहेरगावची पार्टी. एवढं मोठं काम आम्ही कधी केलं नव्हतं. तोवर आत ४०/७६ ची तार, म्हणजे चाळीस बारीक तंतूंची, वापरायचो, पण पार्टी म्हणाली अडीच स्क्वेअर मिलिमीटरचीच पाहिजे. एका व्यापाऱ्याकडे अडीचची बंडलं निम्म्या भावात मिळाली. वर शिक्का स्वच्छ, इन्सुलेशन मऊ, सोलली की तार तांबूस लखलखीत. तीन बंडलं घेतली. भाव निम्मा का, हे विचारलं नाही. इथेच माझी चूक झाली, ती कबूल आहे.

अनंत चतुर्दशीच्या रात्री फोन सुरू झाले. आधी दोन बेस गेले, मग पाच. पहाटेपर्यंत अ‍ॅम्प्लिफायरचा एक चॅनलही गेला. तिसऱ्या दिवशी सोळाच्या सोळा कॅबिनेट टेम्पोतून दारात येऊन पडली. उघडून पाहिलं तर डाग, म्हणजे सोल्डरचे जोड, जागच्या जागी आणि डागाच्या कडेला तार तुटलेली. एका ठिकाणी तुटलेलं टोक शेजारच्या टर्मिनलला लागून शॉर्ट झालेलं. उरलेले पैसे पार्टीनं दिले नाहीत, वर अ‍ॅम्प्लिफायरची भरपाई मागितली. मी कॉईल वाइंडिंगचं मशीन गहाण टाकलं.

आणि समोरचा. त्याचं नाव लिहीत नाही. आमच्याच बाकावर दोन वर्षं डाग द्यायला शिकलेला पोरगा, समोरच दुकान थाटून बसला होता. टेम्पो उतरताना त्यानं चहा मागवला आणि रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला, "ह्यांना साधा डाग देता येत नाही." आयुष्यभर डाग दिले आणि शेवटी नावालाच डाग लागला. दिवाळीपर्यंत दुकानात कुत्रं फिरकलं नाही.

फिरकले ते एकटे मंडपवाले अण्णा. घरचा धंदा यंत्रमागाचा, चादरी-टॉवेलांचा. मंडप आणि साउंड त्यांनी नंतर सुरू केलं. पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. तुटलेली तार बोटांत चोळत म्हणाले, "अरे, हलकी लागते रे ही. वजन केलंस?"

मी म्हणालो, "अण्णा, तारेचं कोण वजन करतं?"

"सुताचा काउंट, म्हणजे बारीकपणा, आम्ही काय डोळ्यांनी ओळखतो? लांबी धरायची, काट्यावर ठेवायचं. वीस काउंट सांगून सोळा देणारे कमी बघितलेत काय!"

दुसऱ्या दिवशी घरून पितळी पारड्यांचा लहान काटा घेऊन आले. मीटरभर तार पूर्ण सोलली. अडीच स्क्वेअर मिलिमीटरचं शुद्ध तांबं मीटरला साधारण बावीस ग्रॅम भरतं. आमची भरली नऊसुद्धा नाही. ब्लेडनं एक तंतू खरवडला तर आत पांढरी. वर तांब्याचा मुलामा, आत अ‍ॅल्युमिनियम. ही तार चार वेळा वाकवली की मोडते, आणि अठरा इंचीच्या पेटीत तर ती सेकंदाला पन्नास-साठ वेळा थरथरते. डाग माझा पक्का होता! हे समोरच्याला जाऊन सांगावं असं फार वाटलं. अण्णा म्हणाले, "गप बस, आधी पेट्या भर." आणि चांगल्या तारेची बंडलं स्वतःच्या खात्यावर उचलून दिली. सोळा कॅबिनेट पुन्हा वायर केली आणि संक्रांतीला, सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या हंगामात, एकेक करून तीन मंडपवाल्यांना विकली. मशीन सुटलं. त्यानंतरची वर्षं बरी गेली.

आता आजकालच्या पोरांसाठी, विचारलं नाही तरी. कॅबिनेटच्या आत तार असते हातभर. जाऊन-येऊन मीटर धरला तरी अडीचचा रोध ०.००८ ओहम आणि ४०/७६ चा ०.०१५ च्या आसपास. आठ ओहमच्या स्पीकरला दोन्ही सारख्याच, म्हणून आत चार किंवा सहाची तार कोंबून काही होत नाही, उलट जड तार टर्मिनलवर लोंबते. 'ऑक्सिजन फ्री' छापलेल्या तारेला तिप्पट पैसे मोजणाऱ्यांना मी हात जोडतो. फरक पडतो तो बाहेरच्या केबलला. स्टेजपासून तीस मीटर अडीचची केबल ओढली, तर जाऊन-येऊन अर्धा ओहम होतो आणि चार ओहमच्या लोडला पाचवा हिस्सा ताकद कमी पोचते. तिथे २३/७६ ची, म्हणजे तेवीसच तंतूंची, तार लावून "बेस ढिला पडला" म्हणत आलात, तर मी चहा पाजेन, स्पीकर उघडणार नाही.

आत काय पाहिजे? शुद्ध तांबं, बारीक तंतू, आणि टोकाला लग, म्हणजे तारेवर दाबून बसवायचं धातूचं टोक. लग दाबायची पक्कड चांगली घ्या. माझी निळ्या मुठीची आहे, मूठ दोनदा बदलली, जबडा तोच आहे. डाग थेट तारेवर देऊ नका. कथील तंतूंमध्ये चढतं, तार तिथे कडक होते आणि त्या कडेलाच मोडते. मधल्या लांबीला टाय मारून लाकडाला बांधा, नाहीतर ती पॅनेलवर फडफडते आणि गिऱ्हाईक कोन फाटला समजून येतं. लाल-काळं चुकवू नका. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा, प्लस लालला, कोन पुढे आला तर बरोबर. एका पेटीतले दोन स्पीकर उलटसुलट लागले तर आवाज भरपूर आणि बेस गायब. हे समोरच्यानं शहरातल्या एका मोठ्या मंडळाच्या आठ पेट्यांत केलं होतं. ते काम आमच्याकडे आलं. मी चहा मागवला नाही, पण शटर पूर्ण उघडं ठेवलं.

अण्णा आता दुकानात येत नाहीत, गुडघे दुखतात. काटा इथेच आहे. नवीन बंडल आलं की मीटरभर सोलतो, पोरगा वहीत ग्रॅम लिहितो, मग व्यापाऱ्याला पैसे. त्या तीन बंडलांचे पैसे मात्र अजून परत मिळालेले नाहीत.

कॅबिनेट आणताना जाळी काढून आणू नका, स्क्रू हरवतात. गणपतीचं काम आषाढातच आणा.