सांगली ते बँकॉक: विमानाचे तास सोडा, पेठ नाका ते साताऱ्याचे मोजा

मुंबई-बँकॉक हवाई अंतर ३ हजार किमीच्या आसपास, थेट विमानाला साधारण सव्वाचार तास. आम्हाला तेवढेच लागले. पण सांगली ते मुंबई विमानतळ या ३८० किमीला १० तास २० मिनिटं गेली. तिकीट काढून देणारा म्हणालेला, रात्री ११.४० चं विमान आहे, दुपारी १२ ला निघा, निवांत पोचताय. अजिबात ऐकू नका असलं.

जानेवारी म्हणजे कारखाने जोरात. आष्ट्याच्या पुढं-मागं सगळीकडं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर, ओव्हरटेकला जागाच नाही. पेठ नाक्याला पुणे-बंगळूर हायवे लागला की सुटलो असं वाटतं पण खरा त्रास तिथूनच, सहापदरीकरणाचं काम चालू आहे, एक डायव्हर्जन संपतंय तोवर दुसरं, सर्व्हिस रोडला खडी आणि धुरळा, आणि कराडात पुलाच्या कामापाशी पाऊण तास गाडी जागची हलली नाही. पेठ ते सातारा जेमतेम ८० किमी, साडेतीन तास! आई सोबत होती, तिला पाय मोकळे करायला साताऱ्यात पाच मिनिटंसुद्धा थांबवता आलं नाही याचं फार वाईट वाटलं. खंबाटकीचा बोगदा पटकन पार झाला, पुण्यात नवले पुलाला परत तुंबलो. मुंबई विमानतळाच्या टी-टूला (टर्मिनल दोन) पोचलो तेव्हा रात्रीचे १०.२०. चेक-इन काउंटर एक तास आधी बंद होतं, म्हणजे २० मिनिटं हातात, आईला तसल्या गुडघ्यांनी पळवत नेली.

रात्रीचं विमान असेल तर सकाळी ७ च्या आत सांगली सोडा. गळीत हंगामात दुपारी निघणं म्हणजे तिकिटाचे पैसे पणाला लावणं. पुण्यातून थेट विमान मिळत असेल तर हजार-दोन हजार जास्त गेले तरी तेच घ्या.

तिकिटावर ११.४० ते ५.३० दिसतं म्हणून सहा तास धरू नका, बँकॉक आपल्या दीड तास पुढं आहे. येताना थंडीत समोरचा वारा लागतो, आम्हाला ४ तास ५० मिनिटं लागली. आणि तिकिटावर बीकेके आहे का डीएमके ते बघा, बीकेके म्हणजे सुवर्णभूमी आणि डीएमके म्हणजे डॉन मुआंग, बँकॉकची ही दोन वेगळी विमानतळं आहेत, एकमेकांपासून लांब.

आता पैशाचं. थायलंडला जायच्या आधी तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड (देशात शिरतानाचा फॉर्म) ऑनलाइन भरावं लागतं (मे २०२५ पासून सक्तीचं). ते त्यांच्या सरकारी साइटवर फुकट आहे. आमच्या तिकीटवाल्यानं त्याचे माणशी ८०० लावले, मला तिथं गेल्यावर कळलं, अजून डोक्यातनं जात नाही. सुवर्णभूमीला बाहेर येताच एकानं शहरातल्या प्रतुनाम भागात सोडायचे १५०० बात (थाई चलन) सांगितले. मान हलवून सरळ खालच्या मजल्यावर जा, मशीनमधून टॅक्सीची स्लिप घ्या, मीटर ३५ बातपासून सुरू होतो, वर विमानतळाचे ५० आणि टोल वेगळा. आमचे टोलसकट ३९० झाले! सामान कमी असेल तर रेल लिंकनं (विमानतळाची ट्रेन) शहरातल्या फाया थाई स्टेशनपर्यंत ४५ बात, अर्ध्या तासाच्या आत.

बँकॉकचे चार दिवस झकास गेले, देवळं-बाजार सगळं झालं.

पुढच्या महिन्यात मामा-मामी चाललेत, त्यांना आदल्या दिवशीच पनवेलला काकांकडं मुक्कामाला जायला सांगितलंय.