डॉल्फिन चंबळचा, फोटो समुद्रातला

चंबळ म्हटलं की ग्वाल्हेरात अजूनही आधी डाकू आठवतात, फार तर घडियाल. तिथे डॉल्फिनही आहे हे पेपरवाल्यांच्या गळी उतरवणं ही माझी नोकरी.

त्या दिवशी पत्रकारांना घेऊन चंबळकाठच्या अटेरला गेलो. परवानग्या, गाड्या वगैरे सोडा, पोहे-जलेबीशिवाय प्रेस हलत नाही एवढंच सांगते. खरी पंचाईत फोटोची. आमचा सूंस, म्हणजे हा नदीतला डॉल्फिन, उड्या मारत नाही हो! डोळ्यांनी त्याला जवळपास दिसतच नाही, आवाजाच्या प्रतिध्वनीवर सगळा कारभार, आणि श्वासाला वर येतो तेव्हा लांब चोच नि थोडी पाठ, सेकंदभर, की गायब. म्हणून फोकस आधीच पाण्यावर लॉक करायचा, बर्स्ट लावायचा, म्हणजे धडाधड फोटो निघत राहतात, आणि स्क्रीनकडे बघायचंच नाही. फोटोग्राफर महाशय नेमके स्क्रीन बघत बसले. वर मलाच, "मॅडम, उछलती हुई नहीं मिलेगी क्या?" नाववाले चाचा तोंड फिरवून हसत होते.

शेवटी आमच्याकडचा फोटो दिला, राखाडी पाण्यात राखाडी चोच, पण खरा.

दुसऱ्या दिवशी पेपरात निळ्याशार समुद्रातून उडी मारणारा डॉल्फिन! हेडिंगमध्ये देशात ६,३२७ नदी डॉल्फिन, २०२५ च्या अहवालातला आकडा, बरोबरच आहे, पण त्यातले मध्य प्रदेश आणि राजस्थान मिळून फक्त ९५, ही माझी मुख्य बातमी होती, ती गेली आतल्या परिच्छेदात. आणि जाळ्यात अडकलेला सूंस वर येता न आल्याने गुदमरतो, म्हणून दिसताच वनविभागाला कळवा, हे मी प्रेसनोटमध्ये मुद्दाम दुसऱ्या परिच्छेदात लिहिलेलं, कारण पेपरचं संपादकीय डेस्क बातमी खालून कापतं. यावेळी मधूनच कापलं. २००९ साली राष्ट्रीय जलचर ठरला हे मात्र ठेवलं, ते कुणाच्या उपयोगाचं?

दुरुस्ती मागितली तर डेस्कवरून उत्तर, तुमचा फोटो छापला असता तर वाचलं असतं कुणी?

आणि राग याचाच येतो की आजवर कुठल्याच बातमीवर एवढे फोन आले नव्हते. शाळांचे, कॉलेजांचे, कुणाला बोटीतून बघायचेत, कुणाला सेल्फी हवाय. नदीकाठच्या गावातून मात्र एकच, "दीदी, ये हमारे यहाँ की नहीं है." ज्याच्यासाठी बातमी लिहिली त्यालाच ती आपली वाटली नाही.

आमच्या साहेबांनी ते कात्रण खुशाल वार्षिक अहवालात लावलंय. मी म्हटलं निदान फोटो तरी कापा, तर म्हणे, अगं मग उरेल काय त्यात?