मालामागून भाषा येते का? जपानीच्या अभ्यासाची पावसाळ्यातील नोंद

मागील नोंदीनंतर जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेच्या एन-फोर, म्हणजे पाचांपैकी खालून दुसऱ्या, पातळीच्या व्याकरणाचा मोठा भाग हातावेगळा झाला आहे. क्रियापदाचे ‘ते’ने संपणारे रूप (आपल्या ‘करून’सारखे) आता न अडखळता येते, आणि त्याला जोडून येणारी सहायक क्रियापदे मराठी माणसाला फारशी जड जात नाहीत, कारण ‘करून पाहणे’, ‘करून ठेवणे’ ही आपली रोजची रचना जपानीतही जवळपास तशीच उभी राहते. कांजीचा, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांचा, अभ्यास मात्र मागे पडला आहे. पेरणी आणि डवरणीच्या दिवसांत सकाळ शेतात जाते, आणि लिहिण्याचा सराव रात्री, तोही वीज असेल तेव्हाच, करता येतो. ऐकण्याचा अभ्यास तेवढा शेतातही चालू राहतो.

या खेपेला अभ्यासाच्या जोडीने एक प्रश्न लावून धरला. एखाद्या देशाचा माल जगभर खपू लागला की त्याची भाषाही जगभर शिकली जाते, असे आपल्यापैकी अनेकजण गृहीत धरतात. जपानीचा इतिहास वरवर पाहिला तर ते पटतेही. जपानी मोटारी आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू जगाच्या बाजारात भराला आल्या होत्या, त्याच काळात, १९८४ मध्ये, आपण देतो ती जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा सुरू झाली. जपान फाउंडेशनच्या २०२१ च्या पाहणीत १४१ देश-प्रदेशांतील संस्थांमध्ये सुमारे ३८ लाख लोक जपानी शिकत होते.

परंतु जर्मनचे आकडे शेजारी ठेवले की हे समीकरण डळमळते. २००३ ते २००८ या काळात जर्मनी मालाच्या निर्यातीत जगात पहिला होता. आणि तरीही जगभरातील जर्मन शिकणाऱ्यांची संख्या २००० मधील सुमारे २ कोटींवरून २०१० पर्यंत सुमारे १ कोटी ४५ लाखांवर आली. पूर्व युरोपात आणि पूर्वीच्या सोव्हिएत देशांत शाळांनी जर्मनच्या जागी इंग्रजीला पसंती दिली, हे त्यामागचे मोठे कारण होते. निर्यात चढत असताना भाषा उतरू शकते, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला अजून सापडलेले नाही.

चिनीचे उदाहरण तर घरातच आहे. आमच्या गावात बॅटरीवरचा फवारणी पंप आता घरोघरी दिसतो. आमच्या पंपाचा तळ उघडून पाहिला, तेव्हा बॅटरीच्या वेष्टनावर आणि मोटरच्या पट्टीवर चिनी अक्षरे होती. त्यांतील काही कांजीमुळे माझ्या ओळखीची निघाली. पण तालुक्याच्या ठिकाणचा मिस्त्री तारांच्या रंगावरून जोडणी ओळखतो, मोटर जळाली असेल तर दुसरी बसवतो, आणि पंप त्याच दिवशी परत मिळतो. ती अक्षरे वाचण्याची वेळ ना त्याच्यावर येते, ना शेतकऱ्यावर. २००९ पासून चीन मालाच्या निर्यातीत जगात पहिला आहे. अमेरिकेतील महाविद्यालयांत मात्र २०१६ ते २०२१ या काळात चिनी शिकणारे सुमारे १४ टक्क्यांनी घटले आणि कोरियन शिकणारे सुमारे ३८ टक्क्यांनी वाढले.

कोरियनची ही वाढ मोटारींच्या खात्यावर मांडता येणार नाही. ह्युंदाईची सँट्रो आपल्या रस्त्यांवर १९९८ पासून धावते आहे, पण तिच्यामुळे कोणी कोरियन शिकायला बसल्याचे मी तरी पाहिलेले नाही. आज आमच्या भागातील मुली मोबाईलवर कोरियन मालिका पाहतात आणि गाणी पाठ करतात. मालिका आणि गाणी हासुद्धा निर्यातीचाच माल आहे, फक्त त्यात भाषा आतच भरलेली असते, आणि पंपात किंवा मोटारीत ती नसते. कोरियाने ही ओढ वाया जाऊ दिली नाही. २००७ मध्ये तीन देशांतील १३ केंद्रांपासून सुरू झालेल्या किंग सेजोंग संस्था आज अनेक देशांत कोरियन शिकवतात.

विदर्भाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती कापसाची गोष्ट. जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची. पुढे १८९३ मध्ये त्यांनी जपानच्या निप्पॉन युसेन काइशा या कंपनीशी हातमिळवणी केली, मुंबई ते कोबे अशी जहाजे सुरू झाली, आणि भारतातील कापूस जपानी गिरण्यांकडे मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला. इतका जुना व्यवहार असूनही कापूस पिकवणाऱ्याला जपानी शिकण्याचे कारण नव्हते, कारण त्याच्यासाठी खरेदीदार म्हणजे बाजारातला व्यापारी आणि अडत्या होता. जपानी माणूस त्याच्यासमोर कधी आलाच नाही. ऑस्ट्रेलियाही जपानला कच्चा मालच विकत होता: कोळसा आणि लोहखनिज. तरी तेथील शाळांत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जपानीची लाट आली, कारण क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर जपानी पर्यटक प्रत्यक्ष येत होते, त्यांच्याशी बोलणाऱ्याला नोकरी होती, आणि १९९० च्या दशकात सरकारने आशियाई भाषांसाठी खास योजना राबवून शाळांना पैसा दिला. २०२१ च्या पाहणीतही ऑस्ट्रेलिया चौथ्या क्रमांकावर आहे. कच्चा माल दोघांनीही विकला. एकाकडे ग्राहक दारात आला, दुसऱ्याच्या आणि ग्राहकाच्या मध्ये दलालांची रांग उभी राहिली. त्यामुळे मी आता निर्यातीच्या रकमेपेक्षा एकच गोष्ट आधी पाहतो: भाषा शिकणाऱ्याला त्या व्यवहारात स्वतःची जागा मिळते का?

ती जागा आज आपल्याकडे तयार होते आहे. जपानने एप्रिल २०१९ मध्ये विशिष्ट कौशल्यधारक कामगारांसाठी नवी निवास-परवानगी सुरू केली, आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताने त्यासंबंधी जपानशी करार केला. त्या वाटेने जाण्यासाठी सर्वसाधारणपणे एन-फोर किंवा जेएफटी-बेसिक ही जपान फाउंडेशनची पायाभूत जपानीची परीक्षा लागते. वृद्धांच्या शुश्रूषेच्या कामासाठी त्या क्षेत्रातील जपानीची आणखी एक परीक्षा असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, तेव्हापासून आमच्याकडेही जर्मनची चौकशी कानावर येते. शेजारच्या गावातील नर्सिंग झालेल्या एका ताईंनी मला विचारले ते जपानी कंपन्यांबद्दल नव्हते. एन-फोरला किती महिने लागतात आणि परीक्षेत बोलावे लागते का, एवढेच त्यांना हवे होते. परीक्षेत बोलण्याचा भाग नाही, पण रुग्णाशी बोलावेच लागणार, म्हणून आता आठवड्यातून एकदा आम्ही फोनवर फक्त जपानीत बोलतो. या सरावाने माझेही ऐकणे सुधारले आहे.

डिसेंबरची परीक्षा पुण्याच्या केंद्रावर देण्याचे ठरवले आहे, आणि तोपर्यंत कांजीचा अनुशेष भरून काढायचा आहे. पुढील नोंदीसाठी इंडोनेशिया घेतला आहे: तेथे रस्तोरस्ती होंडा आणि यामाहाच्या गाड्या आहेत, पण जपानी शिकणाऱ्यांत बहुसंख्य माध्यमिक शाळांतील मुले आहेत, तेव्हा श्रेय गाड्यांचे की अभ्यासक्रमाचे, हे तपासायचे आहे. ज्यांच्या तालुक्यात जपानी किंवा जर्मनचे वर्ग सुरू झाले असतील, त्यांनी वर्ग कधी सुरू झाला आणि शिकणारे कोणत्या कामासाठी शिकत आहेत, एवढे अवश्य कळवावे.