पावती आप्पांची, खातं भावकीतल्याचं

लातूरजवळच्या एका सोयाबीन खरेदी केंद्राचं संगणकाचं काम मी बघते. गोष्ट 2024-25 च्या हंगामातली. हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये आणि बाजार त्याच्या बराच खाली, त्यामुळे केंद्रावर ट्रॅक्टरची रांग हटतच नव्हती. आर्द्रता 12 टक्के धरायची की 15, चाळणीला किती माल गेला, बारदाना कधी येणार, ही भांडणं माझ्यापर्यंत येत नाहीत. माझ्या टेबलावर येतात ती नाव दिसत नाही, ओटीपी आला नाही, खातं चुकलं अशी. त्या दिवशी आलेल्या माणसाचं नाव दिसत होतं. नावाखालचा माणूस मात्र दुसराच होता.

औसा तालुक्यातले एक आप्पा. नोंदणीची पावती प्लास्टिकच्या पिशवीत, सातबारा आणि पासबुकाच्या मध्ये नीट घडी घालून ठेवलेली. कागदावर सगळं बरोबर. ऑपरेटरनं पावतीवरचा क्यूआर स्कॅन केला तर स्क्रीनवर नाव, आडनाव, गाव आप्पांचं, आणि वडिलांचं नाव, गट नंबर, मोबाइल, बँक खातं भावकीतल्या दुसऱ्या माणसाचं. दोघांचं नाव-आडनाव एकच. आपल्याकडे गावात हे नवलाचं नाही. अडचण अशी, की या दोघांचा बांधावरून कोर्टात वाद चालू.

"तुमी माझं पैसं त्येच्या खात्यात घालायलाव का?" आप्पांनी सरळ विचारलं. मागं उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी लगेच निकालही दिला: आतल्या कुणीतरी पैसे खाऊन नाव फिरवलं.

आप्पांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि डेटाबेस उघडला. टोकन देण्याचं हे ॲप आम्हाला बाहेरच्या एका टीमनं करून दिलेलं आहे, मागं मोंगोडीबी नावाचा डेटाबेस. त्यात एका शेतकऱ्याची सगळी माहिती एका डॉक्युमेंटमध्ये असते आणि प्रत्येक डॉक्युमेंटला एक आयडी असतो, जो नंतर बदलता येत नाही. पावतीवरच्या क्यूआरमध्ये तोच आयडी आहे. हा आयडी 24 अक्षरांचा, आणि त्याची पहिली आठ अक्षरं म्हणजे तो तयार झाला ती वेळ, सेकंदापर्यंत. ती वेळ काढली तर आप्पांच्या पावतीवर छापलेल्या वेळेशी मिनिटाला मिनिट जुळली. आतल्या 'नोंदणी दिनांक' या फील्डमध्ये मात्र त्यानंतरची तारीख होती. म्हणजे डॉक्युमेंट आप्पांचंच होतं, त्याच्या आतलं सगळं बदललेलं. भावकीतल्या माणसाचं नाव टाकून शोधलं तर त्याचंही डॉक्युमेंट जागेवर होतं, वेगळ्या आयडीचं. एका माणसाच्या दोन नोंदी आणि आप्पांची एकही नाही.

कुणी केलं आणि कधी, हे ऑपलॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या रोजनाम्यात, सापडतं. प्रत्येक लिखाणाची नोंद तिथं राहते, जागा संपेपर्यंत. मग जुन्या नोंदी पुसल्या जातात. आप्पांच्या आयडीवर एकच बदल होता, आणि त्यात अख्खं नवं डॉक्युमेंट उतरलेलं. एखादं फील्ड बदललं असतं तर फक्त तो फरक दिसला असता. अख्खं दिसतं तेव्हा समजायचं की कुणीतरी डॉक्युमेंटच बदलून टाकलं, 'रिप्लेसवन' ही आज्ञा चालवून.

त्या बदलाची वेळ पाहून उलगडा झाला. त्या रात्री टीमनं दुरुस्त्यांची यादी चढवली होती. गावोगावचे चुकलेले गट नंबर आणि खाते क्रमांक एक्सेलमध्ये भरून केंद्रानंच पाठवले होते. यादीत ओळ होती भावकीतल्या माणसाची, त्याचं क्षेत्र चुकलं होतं. यादी चढवणाऱ्या स्क्रिप्टनं, म्हणजे टीमच्या छोट्या प्रोग्रॅमनं, ती ओळ उचलली, तिचं पूर्ण डॉक्युमेंट केलं आणि नाव, आडनाव, गाव या तिघांवर शोध घेऊन जे सापडलं त्याच्या जागी ठेवलं. रिप्लेसवन एकालाच हात लावतो, आणि फिल्टरमध्ये, म्हणजे शोधाच्या अटीत, दोघे बसत असतील तर पुढ्यात पहिला जो येईल त्याला. इथं पहिले आले आप्पा. त्यांचा आयडी तेवढा शिल्लक राहिला, बाकी सगळं गेलं. स्क्रिप्टच्या लॉगमध्ये काय? जुळले 1, बदलले 1. चूक कुठेच नाही. पावती क्रमांकाचा रकाना त्याच एक्सेलमध्ये नावाला खेटून होता! त्यावर शोधलं असतं तर हे घडलंच नसतं.

एवढं कळल्यावर पहिलं काम आप्पांना सांगायचं. सर्व्हर, ऑपलॉग वगैरे बाजूला ठेवून म्हटलं, "तलाठ्यानं सारखं नाव बघून त्यांचा सातबारा तुमच्या फाइलीत लावावा, तसं झालंय. पैसे कुणी खाल्ले नाहीत. अजून गेलेच नाहीत."

"आन त्येला म्हाईत न्हवतं?"

भावकीतल्या माणसाला फोन लावला. आपला नंबर लागल्याचे दोन मेसेज आल्याचं त्यानं लगेच कबूल केलं. "दोन टोकन कशी, मला बी कळंना. म्हनलं सरकारी मेसेज, दोनदा येतच अस्तेत." आप्पांनी ते स्पीकरवर ऐकलं आणि काही बोलले नाहीत. त्यांचा विश्वास बसला असं मी म्हणणार नाही.

दुरुस्ती त्यामानानं सोपी होती. ऑपलॉगमध्ये बदलानंतरचं रूप असतं, आधीचं नसतं. त्यामुळे आधीचं बॅकअपमधूनच आणावं लागतं. त्या रात्रीच्या आधीचा बॅकअप वेगळ्या डेटाबेसमध्ये उतरवला आणि आप्पांचं जुनं डॉक्युमेंट त्यांच्या पासबुकाशी आकडा-आकडा ताडून पाहिलं. बॅकअपनंतर त्या आयडीवर दुसरं काही लिहिलं गेलं नव्हतं, हे ऑपलॉगनं दाखवलंच होतं. मग मीही रिप्लेसवनच वापरला. अख्खी जुनी नोंद परत ठेवायची असेल तर तेच हत्यार योग्य. एकेक फील्ड 'सेट' करत बसलं तर एखादं नक्की राहून जातं. फक्त फिल्टरमध्ये आयडी दिला, आणि सोबत 'वडिलांचं नाव अजून चुकीचंच आहे' ही अट. मधल्या वेळात कुणी हात लावला असता तर जुळले 0 आले असते आणि मी थांबले असते. जुळले 1, बदलले 1. ऑपरेटरला पुन्हा स्कॅन करायला सांगितलं. आप्पांनी खात्याचे शेवटचे चार आकडे स्वतः वाचून घेतले आणि ट्रॅक्टरकडे गेले.

टीमला मी दोन गोष्टी लेखी कळवल्या. पावती क्रमांकावर युनिक इंडेक्स लावा, म्हणजे तोच क्रमांक दोन नोंदींत बसणार नाही. तो असता तर भावकीतल्या माणसाचा क्रमांक दुसऱ्यांदा लिहिताना डेटाबेसनं 11000 ची एरर देऊन तिथंच अडवलं असतं. आणि दुरुस्तीसाठी 'फाइंडवनअँडरिप्लेस' वापरा, तो जुनं डॉक्युमेंट परत देतो, ते बाजूला साठवून ठेवता येतं. त्यांनी आधी बँक खात्यावर युनिक लावायचं म्हटलं. मी नको म्हटलं. नवरा-बायकोचं एकच जॉइंट खातं असणारी किती घरं आहेत, हे त्यांना ऑफिसात बसून कसं कळणार?

राहिला प्रश्न त्या यादीतल्या इतरांचा. आयडीतली वेळ आणि आतला नोंदणी दिनांक जुळत नाही अशी डॉक्युमेंटं काढली तर आणखी दोन निघाली. एक आमच्याच गावाजवळचा, त्याचं लगेच उरकलं. दुसरा रेणापूर तालुक्यातला, त्याचा नंबर अजून लागायचा होता आणि त्याला काही पत्ताच नव्हता. नोंदीतला मोबाइल अर्थातच दुसऱ्याचा. बॅकअपमधून खरा नंबर काढून फोन केला. "खरेदी केंद्रातून बोलतेय, तुमचं बँक खातं एकदा तपासायचंय," एवढं ऐकताच त्यानं मला शिवी घालून फोन कट केला. अगदी बरोबर केलं त्यानं. शेवटी त्यांच्या सोसायटीच्या गटसचिवांकडून निरोप धाडला, तेव्हा उलट फोन आला. खात्याबद्दल त्यानं काही विचारलंच नाही.

"ताई, ह्या भानगडीत माझा नंबर तर मागं न्हाई ना गेला?"

नव्हता गेला. टोकनचा क्रम डेटाबेसच्या वेगळ्या कलेक्शनमध्ये, म्हणजे वेगळ्या कप्प्यात, आहे आणि तिथं त्या रात्री कुणी काही चढवलं नव्हतं.